पिक्चर संपला, आता घरी काय सांगू?

पत्र (जरा कापून देतेय, मूळ फार लांब होतं):

"ताई, मी 52 वर्षांची, प्रतापनगरात राहते. मिस्टरांना जाऊन नऊ वर्षं झाली, ते बुटीबोरीला कंपनीत होते. मुलगा पुण्यात आयटीत आहे, मुलगी इथंच एम.कॉम. करून राहिली, सासूबाई माझ्याजवळच असतात. मागच्या वर्षी माझा खांदा जाम झाला, फ्रोझन शोल्डर, तेव्हा फिजिओथेरपीला एक सर भेटले. 57 चे आहेत, बँकेत आहेत, मिसेस वारल्या, एक मुलगी आहे. हळूहळू बोलणं वाढलं. परवा आम्ही पिक्चरला गेलो, पन्नाशीतल्या दोघांच्या प्रेमाचा होता, मी खूप रडले. इंटरव्हलमध्ये आमच्या सोसायटीतल्या एक बाई दिसल्या तर मी पॉपकॉर्नचा टब सरांच्या हातात कोंबला आणि बाथरूमकडे पळाले. दुसऱ्या दिवशी घरी कळलंच. मुलगा फोनवर म्हणाला, आई, या वयात लोक काय म्हणतील याचा तरी विचार कर. मुलगी म्हणाली मला माहीतच होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून सकाळचा चहा स्वतःचा स्वतः करून घेतात. सर लग्नाचं म्हणतात. पिक्चरमधली बाई शेवटी बॅग उचलून निघून जाते, माझ्यानं तसं होणार नाही. हे खरंच प्रेम आहे की पिक्चरचा परिणाम? आणि घरी काय सांगू?" (नाव नको, नागपूर)

ताई,

तुम्ही वहीची चार पानं लिहून त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यातलं एक पान उलटं, पण वाचलं सगळं. आणि वाचून आधी हसू आलं ते त्या पॉपकॉर्नच्या टबाचं. बिचारे सर टब धरून उभे आणि समोर तुमच्या सोसायटीतली बाई, काय बोलले असतील दोघं बाप्पा!

पहिला प्रश्न सोपा आहे म्हणून आधी तोच घेते. पिक्चरचा परिणाम नाहीये हा. तुमच्या चार पानांत पिक्चरबद्दल जेमतेम सहा ओळी आहेत आणि फिजिओथेरपीबद्दल अख्खं दीड पान आहे. दारावर अडकवलेली ती दोरी आणि पुली, भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं, आणि तुमचा हात डोळ्याच्या रेषेपर्यंत जाऊन थांबला की शेजारच्या खुर्चीवरून सर म्हणायचे, "अजून एक टाइल, मॅडम." फ्रोझन शोल्डर साधारण चाळीस ते साठ याच वयात गाठतो, बायकांना जास्त, शुगर असली तर अजूनच, आणि सुटायला वर्ष दोन वर्षं सहज जातात. त्या काळात बाईला स्वतःची वेणी घालता येत नाही, ब्लाऊज चढवता येत नाही, रात्री कूस बदलली तरी कळ येते. म्हणजे या माणसानं तुम्हाला पाहिलं तेच मुळी केस कसेबसे क्लिपमध्ये अडकवलेले, तोंड वेडंवाकडं करत "आई गं" करताना. तुम्हीही त्यांना तसंच पाहिलं. कोणी कोणावर इम्प्रेशन मारायच्या अवस्थेत नव्हतं. मग पिक्चरनं काय केलं, तर अंधारात रडायला जागा दिली, बस. जे होतं ते आधीच होतं.

आता त्या बॅगेबद्दल. या वयातल्या प्रेमाचे पिक्चर मलाही आवडतात, नाही म्हणत नाही, पण त्यांची एक सवय मला खटकते. त्यात नेहमी अडचण एकच असते, समाज. लोक नावं ठेवतात, मुलं तोंड फिरवतात, मग शेवटच्या वीस मिनिटांत कोणीतरी एक मोठा डायलॉग मारतं, सगळ्यांचे डोळे भरतात, आणि बाई बॅग उचलते. त्या बॅगेत काय काय असतं हो? बीपीच्या गोळ्या असतात का? सासूबाईंना दवाखान्यात कोण नेणार हे असतं का? गॅसचं कार्ड कोणाच्या नावावर आहे, फ्लॅटचा मेन्टेनन्स कोण भरणार, काहीच नसतं. हीरो तर असा असतो की त्याला कधी सर्दीसुद्धा होत नाही.

त्यापेक्षा आपला 1978 चा 'खट्टा मीठा' बघा, बासू चॅटर्जींचा. अशोककुमार विधुर, त्याला चार मुलं. पर्ल पदमसी विधवा, तिची तीन. दोघं लग्न करतात आणि पिक्चर खरा तिथून सुरू होतो, सातही जण एका छपराखाली आल्यावर. कोणाची जागा कुठली, कोण कोणाचं ऐकणार, हाच सगळा विषय. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली त्याला, पण तुमच्या घरच्या प्रश्नाच्या तो तुम्ही परवा पाहिलेल्या पिक्चरपेक्षा जवळ आहे. आणि बाथरूमकडे पळालात त्यावरून मला 2013 चा 'लंचबॉक्स' आठवला. त्यात इरफान खान भेटायला जातो, तिला लांबून बघतो, आणि आपण म्हातारे झालो असं वाटून तिच्यासमोर न येताच परत जातो. तो स्वतःच्याच वयाला लाजला. तुम्हीही त्या बाईंना घाबरून पळाला नाहीत, स्वतःला लाजून पळालात. कारण त्या बाईंनी बघितलं काय, तर दोन माणसं पॉपकॉर्न खाऊन राहिली. गुन्हा काय त्यात?

लोकांचं म्हणाल तर सोसायटीची जीभ काही थांबत नसते, तिला रोज नवा विषय लागतोच, आज तुम्ही, उद्या तिसऱ्या मजल्यावरच्यांची सून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवणुकीनं निघतो तेव्हा आपण इडा पिडा घेऊन जा गे मारबत असं ओरडतो ना, त्या यादीत ही कुजबुजही टाका आणि मोकळ्या व्हा. मी यावर याच्यापेक्षा जास्त शब्द खर्च करणार नाही. तुमच्या मुलाला लोकांचं काही पडलेलं नाही. तो पुण्यात राहतो, प्रतापनगरातले लोक काय म्हणतात ते त्याला ऐकूसुद्धा येत नाही. त्याला दुसरंच काही विचारायचं आहे आणि ते तोंडातून निघत नाही म्हणून तो लोकांना पुढे करून राहिला.

पण आधी चहा.

सासूबाईंचा चहा मला तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तुम्ही लिहिलं "त्या रागावल्या आहेत." मला नाही वाटत. रागावलेल्या सासूबाई चहा मागतात आणि मग तो पांचट झाला म्हणतात, आपल्याकडे रागाची रीत ती आहे. स्वतःचा कप स्वतः भरून घेणारी 78 वर्षांची बाई प्रॅक्टिस करून राहिली. ही गेली तर आपल्याला आपलं करता येईल का, गॅस पेटवता येतो का, पातेलं उचलतं का, हे ती बघतेय. तिचा मुलगा गेला, नवरा आधीच गेला असणार, नातू पुण्यात, नात उद्या लग्न करून जाईल. तिला तुमच्या सरांशी भांडणच नाही, तिला फक्त स्वतःची खाट कुठे असणार हे कळायला हवं आहे. आणि हे विचारायची तिला सोय नाही, कारण विचारलं तर स्वार्थी दिसेल.

म्हणून घरी काय सांगू याचं उत्तर सासूबाईंपासून सुरू होतं. मुलाला फोन नंतर. उद्या सकाळी त्या ओट्याजवळ यायच्या आधी दोन कप ठेवा आणि बसा त्यांच्याजवळ. प्रेमबिम, सर कसे चांगले आहेत, हे काही नको. सरळ सांगा की आई, मी काहीही ठरवलं तरी तुमची व्यवस्था आधी ठरेल, तुम्ही कुठे राहणार ते तुम्हाला विचारून ठरेल. मात्र हे खरं असेल तरच सांगा. म्हणजे त्याआधी सरांशी हे बोलणं झालेलं पाहिजे. लग्न झालं तर राहणार कुठे, तुमच्या फ्लॅटमध्ये की त्यांच्या घरी, आणि सासूबाई कोणाजवळ? सर यावर "बघू ना नंतर" म्हणाले तर लग्नाचंही नंतरच बघा. उलट त्यांनी दोन मिनिटं विचार करून एखादा वेडावाकडा का होईना पण खरा पर्याय सांगितला, तर माणूस कामाचा आहे.

आता मुलाचा न विचारलेला प्रश्न. फ्लॅट. मला माहीत आहे तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल, माझा मुलगा असा नाही म्हणाल. वाईट मुलगा असं मी म्हणतच नाहीये. बापानं ईएमआय भरून घेतलेलं घर, त्यात तो लहानाचा मोठा झाला, ते उद्या अनोळखी माणसाचं होईल का ही भीती चांगल्या मुलांनाही वाटते. आणि गंमत म्हणजे भीती अगदीच हवेतली नाही, म्हणून नीट वाचा.

फ्लॅट मिस्टरांच्या नावावर होता आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, असं तुम्ही लिहिलं. मग हिंदू वारसा कायदा 1956 लागतो (बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना हाच लागतो, आपल्या नागपुरात हे सांगावं लागतं). त्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे तुमचा पाव हिस्सा, दोन्ही मुलांचा पाव पाव, आणि सासूबाईंचासुद्धा पाव. तुम्ही लिहिलंय की सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे म्हणजे फ्लॅट माझाच आहे. नाही हो ताई. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटीनं व्यवहारासाठी तुमचं नाव लावलं इतकंच, वारसांचा हक्क त्यानं जात नाही. हे सासूबाईंनाही बहुतेक माहीत नसेल. त्यांना सांगा. ज्या घरातून आपल्याला हलवतील की काय असं त्यांना वाटून राहिलं त्या घराचा चौथा हिस्सा त्यांचाच आहे म्हटल्यावर कप धरायची पद्धतच बदलेल त्यांची.

दुसरं, तुमचा जो पाव हिस्सा आहे तो पुनर्विवाह केला म्हणून तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. तो तुमचा, पूर्ण मालकीचा. पण मुलाची भीती इथे आहे, लग्नानंतर तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर तुमच्या वाट्यात मुलगा, मुलगी आणि तेव्हाचा नवरा असे तिघं सारखे वारस होतात. सरांना तुमच्या फ्लॅटमध्ये काडीचा इंटरेस्ट नसला तरी कायदा त्यांना वारस करतो. उपाय एकदम साधा आहे, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून घ्या, पुढे कटकट नको. साक्षीदार म्हणून मुलांना घेऊ नका, ज्यांना काही मिळणार नाही असे दोघं घ्या. सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या भागात कोणत्याही बऱ्या वकिलाकडे एका बैठकीत मसुदा होतो. आणि सरांनाही सांगा त्यांचं करायला, त्यांच्या घरीही हाच प्रश्न उलट्या बाजूनं आहे.

हे सगळं प्रेमाच्या गोष्टीत कुठून आलं असं वाटेल तुम्हाला. पण बघा ना, मुलाशी "मला पण आयुष्य आहे" यावर वाद घातला तर दोघंही रडाल आणि काहीच ठरणार नाही, कारण त्याचं उत्तर त्याच्याकडेही नाहीये. कागद त्याच्यासमोर ठेवला तर त्याला निदान काय बोलायचं ते कळेल. मग उरेल ती फक्त बाबांची जागा कोणी घेतंय ही ठणक, आणि तिला वेळ लागतो, तिथे कागद चालत नाही. ती त्याची त्याला सोसू द्या. मात्र फोनवर नाही. एखाद्या शनिवार-रविवारी पुण्याला जा, एकट्या, सरांना न घेता. आणि त्याला "चालेल का" असं विचारू नका. त्याला परवानगी देणारा केलं की तो नाही म्हणणार, 26 वर्षांच्या पोट्ट्याकडून आईच्या लग्नाला हो म्हणायची अपेक्षा करणंच जास्त झालं. "मी असा विचार करून राहिली, तुझ्या मनात काय आहे ते सांग," इथपर्यंतच.

मुलगी तुमच्या बाजूनं आहे ते चांगलंच, पण म्हणून तिला निरोप्या करू नका. दादाला तू समजाव, आजीशी तू बोल, हे अजिबात नाही. तिला माहीत होतं आणि ती गप्प राहिली म्हणजे तिनं तिच्या परीनं खूप केलं.

आता लग्न करायचंच का, हे. मिस्टर कंपनीत होते म्हणजे तुम्हाला पीएफवाली पेन्शन येत असणार, ईपीएस-95. ती विधवा पेन्शन पुनर्विवाह केला की बंद होते. दरवर्षी हयातीचा दाखला देताना पुनर्विवाह केलेला नाही असं सांगता ना, ते त्याचसाठी. रक्कम फार नसेल, बऱ्याच जणींना हजार-दोन हजारच येतात, पण किती येते ते पासबुकात बघून, जातेय हे माहीत असूनच पाऊल टाका, आणि लग्न करून दाखल्यावर खोटं लिहायचं मात्र डोक्यात आणू नका, वसुली लागते. काही जण म्हणूनच लग्न न करता सोबत राहतात, पुण्यात तर ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळही निघालं. कायद्यानं ते चुकीचं नाही. पण दवाखान्यात सही, बँकेत नाव, वारसा, या बाबतीत लग्नाचा कागद असला की भांडावं लागत नाही, तेवढा फरक आहे. करायचं ठरलं तर स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये 30 दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार, हॉल नको, बँड नको. माझं विचाराल तर घाई काहीच नाही, सर 57 चे आहेत, 97 चे नाहीत. एक उन्हाळा काढा. मे महिन्यात 45 डिग्रीत कूलरची मोटर जळाल्यावर, मिस्त्री चार दिवस "आज येतो" म्हणत असताना हा माणूस कसा वागतो ते बघा, मल्टिप्लेक्सच्या एसीत सगळेच गोड असतात.

तिसऱ्या पानावर तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे. एकदाच रेघ मारली म्हणून वाचता आली. लाजू नका. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, त्रास होतो, आणि बायकांना वाटतं की आता हे आपल्यासाठी संपलं. संपलेलं नसतं. मेडिकलमध्ये साधं ल्युब्रिकंट मिळतं, आणि गायनॅकॉलॉजिस्टला सरळ विचारलं तर त्यावर औषधं, क्रीम सगळं आहे, तिच्याकडे रोज पाच जणी हेच विचारायला येतात आणि पाठदुखीचं कारण सांगतात. शुगर-बीपी दोघांचंही तपासून घ्या म्हणजे झालं. आणि मन नसेल तर नसेल, तेही सरांना सांगता आलं पाहिजे. बाकी ही गोष्ट मुलाची नाही, सासूबाईंची नाही, माझीही नाही, इथेच थांबते.

एक राहिलं. चार पानांत तुमचा मुलगा आहे, मुलगी आहे, सासूबाई आहेत, सोसायटीतली बाईसुद्धा आहे, पण सरांच्या मुलीबद्दल फक्त तीन शब्द आहेत, "एक मुलगी आहे." कुठे असते ती, तिला तुमच्याबद्दल माहीत आहे का, सरांनी तिला सांगितलं की तेही तुमच्यासारखे पॉपकॉर्न दुसऱ्याच्या हातात कोंबून पळाले? मिसेस कधी गेल्या, कशानं गेल्या, आजारपणात ती पोरगी घरी होती का? हे सगळं त्यांना विचारा. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा मला तिच्याबद्दल लिहा, आणि फोटो सरळ काढा.